आधी पाणी काढ

हार्मन मास्तरांना गणित शिकवता येत नाही, असं क्राइन आजोबांनी हिवाळाभर ज्याला त्याला सांगितलं. टपालवाल्याला सांगितलं, दुधाची टाकी न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरला सांगितलं, एका रविवारी चर्चच्या दारात पाळकांनाही गाठून सांगितलं. "रॉटरडॅमचा माणूस तो. दूध पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघतं एवढंच त्याला ठाऊक. तो काय आमच्या पोरीला टक्केवारी शिकवणार!"

पोरगी म्हणजे योरीन, त्यांच्या मुलीची, मार्लूसची लेक. वय वर्षं अकरा, इयत्ता आठवी; तिकडे चौथ्या वर्षीच शाळा सुरू होते आणि आठवीला प्राथमिक शाळा संपते. वाचनात पुढे, भूगोलात पुढे, बेरजा-गुणाकारात कुणाला ऐकायची नाही. टक्केवारीत मात्र दाणादाण. शाळेत गणितं टॅबलेटवर सोडवायची. उत्तर बरोबर आलं की चौकोन हिरवा, चुकलं की लाल. योरीनचं टक्केवारीचं पान उघडलं की वरपासून खालपर्यंत लालेलाल.

एरवी एवढ्यावरून कुणी झोप उडवून घेतली नसती. पण आठवीचं वर्ष मोठं वाईट. त्या वर्षी मास्तर प्रत्येक घराला एक पत्र देतात आणि पोर पुढे कुठल्या शाळेत जाणार ते त्या पत्रात लिहिलेलं असतं. बारा वर्षांच्या पोराच्या कपाळी काय आहे हे मास्तरांना कसं दिसतं, देव जाणे. पण त्यांनी लिहिलेलं पुसायला पुढे फार वर्षं जातात. योरीनला हवी होती गौडा शहरातली मोठी शाळा. तिथून दुग्धशास्त्राच्या कॉलेजात जाता येतं. तिला चीजच करायचं होतं, पण आजोबा करतात तसं जिभेच्या आणि बोटांच्या अंदाजाने नाही. मास्तरांनी नाताळाआधीच सूचना देऊन ठेवली होती: टक्केवारी सुधारली नाही, तर गावाबाहेरची शेतकी शाळा.

आता खरं सांगायचं तर शेतकी शाळेचं आजोबांना एवढं दुःख नव्हतं. ती घरापासून सायकलवर दहा मिनिटं. पोरगी तीनला घरी, साडेतीनला अॅप्रन बांधून चीजच्या खोलीत. गौडाला गेली तर अंधारात जाणार आणि अंधारात येणार. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांना शिव्या घालणं जास्त सोपं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी शाळेत भेटीची वेळ मिळाली. गुरुवारी योरीनचा बाप चीज घेऊन बाजाराला जातो, त्यामुळे मार्लूस एकटीच लेकीला घेऊन निघाली होती. आजोबांनी न विचारता आपली सायकल बाहेर काढली.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"दोन गोष्टी सुनावायच्यात त्याला."

"तुम्ही तोंड उघडणार नसाल तर चला."

"बरं बरं," आजोबा म्हणाले. ते पाळायचं, असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं.

वर्गात बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या. सव्वासहा फुटी आजोबांचे गुडघे कानापर्यंत आले. प्रत्येक घराला दहा मिनिटं असा शिरस्ता. टेबलावर अंड्याच्या आकाराचं घड्याळ, ते मास्तरांनी पिळून ठेवलं. मास्तर तिशीचे, दाढीवाले, स्वभावाने गरीब. त्यांनी कॉफी दिली, कॉफीबरोबर एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"योरीन गुणी मुलगी आहे," ते म्हणाले. "वाचन तर फारच छान. पण टक्केवारी... चाळीस गणितांत चौतीस लाल. अशा मुलीला मी गौडाला पाठवलं तर तिचेच हाल होतील. मला वाईट वाटतंय, खरंच." समोर पांढरं पाकीट होतं. पत्र तयारच होतं.

योरीन खाली मान घालून बिस्किटाचा चुरा करत होती.

"लाल, लाल काय लावलंय?" आजोबा म्हणाले.

"बाबा!"

"थांब गं. मास्तर, तिने उत्तर काय लिहिलं ते तुम्ही पाहिलंत का? की नुसता रंग पाहिलात? आमच्याकडे चीज बिघडलं तर आम्ही त्याच्यावर नुसता लाल बावटा रोवत नाही. कापून आत बघतो, कुठे बिघडलं ते."

मास्तर चिडतील असं मार्लूसला वाटलं. पण मास्तर चिडले नाहीत. अठ्ठावीस मुलं, प्रत्येकाचे शेकडो चौकोन. त्यांनी रंगच पाहिले होते. माणूस प्रामाणिक होता, म्हणून त्याचा चेहरा पडला. त्यांनी टॅबलेटमध्ये कुठे कुठे बोटं घालून योरीनची उत्तरं बाहेर काढली आणि कागदावर दोन रांगा मांडल्या, एक बरोबर उत्तरांची, एक तिच्या.

"तीस मुलं, पन्नास टक्के सायकलने येतात. पंधरा हवेत. हिने लिहिलेत नऊ." मास्तर पुटपुटत होते. "ट्यूलिपचे पन्नास कांदे, वीस टक्के कुजले. दहा हवेत. हिचे सहा. दोनशे लिटरची टाकी, पंचवीस टक्के भरलेली. पन्नास हवेत. हिचे तीस." ते थांबले. पुन्हा वरपासून बोट फिरवलं. "अरेच्चा! पंधराचे नऊ, दहाचे सहा, पन्नासचे तीस... दर वेळी सारखीच चूक, शंभराला साठ. हे अंदाजाने ठोकलेलं नाही. पोरगी काहीतरी करतेय!"

आजोबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांना कापून बघायची एवढी हौस होती, आणि आता आत दिसत होता त्यांचाच हिशेब.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठ वर्षांच्या योरीनने चाकासारख्या गोल चीजवरच्या लेबलाला बोट लावून विचारलं होतं, हे ४८+ काय? आजोबांनी तिला फळीवर बसवून सांगितलं, की चीजमध्ये किती टक्के तूप-लोणी आहे तो हा आकडा. पण अख्ख्या चीजमध्ये नाही हं. चीजमध्ये पाणी असतं, आणि पाण्याचं काय, ते उडून जातं, रोज बदलतं. म्हणून पाणी धरायचंच नाही. शंभरातून चाळीस पाणी काढायचं, उरलेल्या साठाचे टक्के करायचे. या मुलखात चीजवाले पिढ्यान् पिढ्या असाच हिशेब करत आलेत आणि तो बरोबरच आहे. एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण नात टक लावून ऐकत होती, आणि आजोबांना ऐट चढली. ते बोट वर करून म्हणाले होते, "लक्षात ठेव पोरी. टक्के म्हटलं की आधी पाणी काढ. आणि ही आपल्या घरची युक्ती. शाळेत कुणाला सांगायची नाही."

"योरीन," मास्तरांनी विचारलं, "हे कसं सोडवलंस?"

योरीनने आजोबांकडे पाहिलं. तेवढंच. मग म्हणाली, "असंच."

"असंच म्हणजे कसं?"

"असंच."

मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि आणखी खाली बोट नेलं. तिथे बोट अडलं. "हे बघा, इथे जमत नाही. जुनी फळबाग, दोनशे झाडं, पन्नास टक्के नासपतीची. शंभर हवीत. आधीच्या हिशेबाने हिचे साठ यायला हवे होते, आलेत सत्तर. म्हणजे मला वाटलं तसं काही नाही. योगायोग असेल." तेवढ्यात अंडं खणखणलं. मास्तरांनी कागद बाजूला सारला आणि पाकीट हातात घेतलं.

सत्तर का आले हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. बाग *जुनी* होती. जुन्या चीजमधलं पाणी उडून जातं, तिथे चाळीस नाही, तीसच काढायचं. हेही आजोबांनीच शिकवलं होतं.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. पाकीट मार्लूसच्या पिशवीत गेलं असतं, पोरगी शेतकी शाळेत गेली असती, दुपारी साडेतीनला अॅप्रन बांधून खोलीत आली असती, आणि हिवाळाभर आजोबा जे गावभर सांगत फिरले तेही खरं ठरलं असतं. आजोबांनी नातीकडे पाहिलं. ती काही केल्या बोलणार नव्हती. आजोबांनी सांगितलं होतं ना, सांगायचं नाही म्हणून. तिच्या भविष्याचं पाकीट परक्याच्या हातात आहे आणि तरी ही एवढीशी पोर आपला शब्द मोडत नाही, हे पाहून म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली.

"मास्तर, ते पाकीट ठेवा खाली," ते म्हणाले. "चूक तिची नाही. माझी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चाळीस, साठ, जुन्याचे तीस, घरची युक्ती, सगळं. सांगताना ते मास्तरांकडे बघत नव्हते, मार्लूसकडे तर नाहीच.

"बाबा," मार्लूस हळूच म्हणाली, "आणि तुम्ही पाळकांकडे गेला होतात, यांची तक्रार घेऊन."

"गेलो होतो. रविवारी पुन्हा जाईन, माझी घेऊन."

मास्तर योरीनकडे वळले. "म्हणजे तू सायकलवरच्या मुलांमधूनही पाणी काढलंस?"

योरीनचा बांध फुटला. "मग काय करू?" ती रडत म्हणाली. "मुलांमध्ये पाणी किती असतं ते मला कधीच कळायचं नाही! गणितात देतच नाहीत. मी आपली चाळीस धरायची. लाल आलं की वाटायचं, पाणीच चुकलं असणार. कांद्यांचं वेगळं असेल, टाकीचं वेगळं असेल. सगळ्या वर्गाला माहीत आहे आणि मलाच माहीत नाही, असं वाटायचं."

कुणी हसलं नाही. मार्लूसला हसू आलं होतं, पण ते अर्ध्यावर रडण्यात गेलं.

"मला विचारायचंस ना वेडे," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला कशाला विचारू? तुम्ही कधी चुकत नाही."

आजोबा त्या बुटक्या खुर्चीवरून कसेबसे उठले आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. त्यासाठी टेबल धरावं लागलं. "ऐक. चुकलो. पाणी चीजमधून काढायचं, आणि चीजमधूनच. मुलं अख्खी मोजायची. झाडं अख्खी, कांदे अख्खे. टक्के कशाचे ते गणितातच लिहिलेलं असतं, आपण मनाने काही काढायचं नाही. कळलं? आणि घरची युक्ती वगैरे काही नसतं. मी आपली फुशारकी मारली."

योरीनने नाक पुसलं. "अख्खी?"

"अख्खी."

"एवढं सोपं?" तिने रागाने विचारलं. राग बरोबरच होता.

दारातून बेकरीवाल्याने डोकं आत घातलं. "हार्मन, आमची दहा मिनिटं केव्हा सुरू होणार? माझी भट्टी लागलीय."

"पाव जळला तर मी घेतो विकत," आजोबा तिकडे न बघताच म्हणाले. "दार लाव."

मास्तरांनी अंडं उचलून खणात टाकलं. त्यांनी लाल गणितांतली वीस निवडली आणि एकेक वाचून दाखवायला लागले. योरीनने पहिल्याच गणिताला सवयीने तोंडातल्या तोंडात "चाळीस..." म्हटलं, जीभ चावली आणि उत्तर बदललं. दुसरं लगेच आलं. पाचवं चुकलं, तिथे पुन्हा पाणी शिरलं होतं. सातव्यापासून तिचा वेग वाढला. अकराव्याला ती मास्तरांचं वाचून व्हायच्या आतच बोलायला लागली आणि त्या घाईपायी तेही गेलं. चौदावं तिला समजलंच नाही, ते खरोखर अवघड होतं. मार्लूस बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. आजोबा अजून जमिनीवरच बसले होते, कारण उठायला कुणीतरी हात द्यायला हवा होता आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

विसावं संपलं. मास्तरांनी कोरा कागद घेतला, त्यावर योरीनचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"वीसपैकी सतरा बरोबर. आता हे टक्क्यांत तूच सांग. तू सांगशील तोच आकडा मी पत्रात लिहिणार."

योरीन आजोबांकडे वळली. सवयच होती ती. चीज दाबताना, उलटवताना, बोटाने ठोकून पाहताना ती अशीच वळायची, आणि आजोबा मान हलवायचे. उत्तर आजोबांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि बसल्या जागेवरून बुटक्या खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर सायकलींच्या रांगेशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

मग योरीन मास्तरांकडे वळली.

"वीसचे ना? सगळ्या वीसचे?"

"सगळ्या वीसचे."

"पंच्याऐंशी."

मास्तरांनी आकडा लिहिला, आणि त्याखाली गौडाच्या शाळेचं नाव लिहिलं. मार्लूसने लेकीला पोटाशी धरलं. आजोबा खिडकीकडेच बघत राहिले. पोरीने उत्तर त्यांना न विचारता दिलं होतं. त्यांना त्याचा फार आनंद झाला, आणि तितकंच वाईटही वाटलं.