हात वर करायचे नाहीत

नोएमीने नायलॉनच्या मोज्यात तांदळाची शेवटची मूठ ओतली, तोंडाला गाठ मारली आणि ती पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. दुसरी आधीच तयार होती. दोन्ही सारख्या भरल्या तशी ती पाठमोरी झाली, ब्लाउजच्या आत थोडी खटपट केली आणि वळली.

"कशी दिसते?"

हिल्दार्दोने पुस्तकात बोट ठेवून वर पाहिलं. पाल्मिरा गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. कोलंबियातली कुठली नदी कुठे उगम पावते ते तो झोपेतही सांगू शकला असता, पण बायकोच्या अशा प्रश्नांपुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत," तो म्हणाला.

"मी काय डोंगररांग आहे का रे, म्हाताऱ्या?"

काली शहरातल्या डॉक्टर मार्मोलेहो बाईंनी तिला सांगितलं होतं, असे तांदूळ घालून आठवडाभर घरात-बाहेर वावर, जिने चढ, बाजारात जा; मग ऑपरेशनने छाती किती वाढवायची ते ठरवू. नोएमी तशीच बाजारात गेली, रविवारी चर्चमध्येही गेली. तीन मुलांना अंगावर पाजून, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर तिने हे मनावर घेतलं होतं. का, असं हिल्दार्दोने एकदाच विचारलं होतं.

"आरशात हल्ली मला माझी आई दिसते," ती म्हणाली होती. "आई चांगली होती. पण रोज सकाळी कशाला?"

तो हसला होता. तरी प्रश्न काही त्याच्या मनातून गेला नव्हता.

शनिवारी तिची धाकटी बहीण रुबिएला हिचा वाढदिवस होता. अंगणात चुलीवर कोंबडीचं सांकोचो सूप रटरटत होतं, शेजारचे लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते. साल्साचं गाणं लागलं तशी नोएमी शेजारच्या इव्हेलिओबरोबर नाचायला उठली. हिल्दार्दोला नाचता येत नसे. पाल्मिरात ही गोष्ट लोक एखाद्याच्या आजारपणासारखी हळू आवाजात सांगत. तो कोपऱ्यात बसून बघत होता. तिसऱ्या गिरकीला डाव्या मोज्याची गाठ सुटली आणि ब्लाउजमधून, स्कर्टखालून, फरशीवर तांदूळच तांदूळ झाले.

 सगळ्यात आधी नोएमीच हसली, पोट धरून.

"अगं ताई, लग्नाचे तांदूळ आज पडले की काय!" रुबिएला ओरडली. "भाऊजी, या पुढे! नवी बायको मिळतेय तुम्हाला." आणि केरसुणी आणायला जाता जाता म्हणाली, "फक्त जपून हं. नव्या बायकोला पुढे नवरापण नवा लागतो."

सगळे हसले. हिल्दार्दोही हसला. पण चर्चच्या दारात त्या दोघांवर उधळलेले तांदूळ त्याला आठवले. नोएमीच्या केसांत अडकलेले दाणे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निघाले नव्हते आणि आपण वेचून द्यावेत असं त्याला फार वाटूनही त्याने हात पुढे केला नव्हता.

त्यानंतर तो वाचायला लागला. जे सापडेल ते वाचलं. दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर बसला तेव्हा कान लाल झाले होते, तरी विचारत राहिला. हे जन्मभर टिकतं का? नाही, बाई म्हणाल्या, पुढेमागे बदलावं किंवा काढावं लागू शकतं. इम्प्लांटभोवती शरीर धरतं तो पडदा कडक होतो म्हणतात? काहींचा होतो. कॅन्सरची तपासणी करता येते? येते, करायचीच, फक्त आत इम्प्लांट आहे हे आधी सांगायचं. आणि स्पर्श... तो अडखळला.

"कळेल का, असं विचारतोय तो," नोएमी म्हणाली.

"बहुतेकींना कळतो. काहींचा कमी होतो, क्वचित परत येत नाही," बाई म्हणाल्या. "हे ऐकूनही करायचंय का?"

"करायचंय," नोएमी म्हणाली. तिने मधला आकार निवडला. मोठ्या पुरचुंड्यांनी जिना चढताना पाठ दुखली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. छातीला घट्ट पट्टा, पुढून बटणांचे सदरे, उशांच्या टेक्याने उताणी झोप. आणि एक सक्त ताकीद: डॉक्टर सांगेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत.

नोएमीचे केस कमरेपर्यंत होते. पहिल्या दिवशी रुबिएला येऊन वेणी घालून गेली. दुसऱ्या दिवशी तिला यायला जमेना. नोएमी अंगणात स्टुलावर बसली, कंगवा मागे धरला आणि म्हणाली, "नकाशे काढायचास ना? भांग काढ."

पहिली वेणी दोराच्या गुंत्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी रुबिएलाने ती पाहिली आणि म्हणाली, "भाऊजी, हे काय? कणसाला तरी बरं गुंडाळतात." मग उभं राहून तिने त्याला पेड कसे घट्ट धरायचे ते दाखवलं. आठवड्याभरात त्याची बोटं सरावली. संध्याकाळी वारा सुटला की तो स्टूल बाहेर ठेवी, ती येऊन बसे.

आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तिची पाठ समोर असली की त्याला बोलता येत होतं. वेणी घालता घालता तो काहीबाही बोलू लागला: शाळेतल्या गमती, मुलांची आठवण, वाचलेलं काही. ती मान न हलवता ऐके. एकदा अर्ध्या वेणीत तो थांबला.

"नोए, रुबिएला म्हणाली ते... नव्या नवऱ्याचं."

"हं."

"मला वाटलं, तू आता कुणाकडे तरी बघशील. मी तर हा असा."

 तिचे खांदे हलताहेत असं वाटून तो घाबरला. ती हसत होती, पण हसताना दुखत होतं म्हणून हळू.

"कुणासाठी केलं असेल रे मी? इव्हेलिओसाठी? त्याला अर्ध्या गिरकीत दम लागतो." मग म्हणाली, "मी माझ्यासाठी केलं. तुझ्याकडून काही नको होतं, आणि आता ही वेणी..." तिने वाक्य सोडून दिलं. "थांबू नकोस, सुटेल ती."

त्याने पेड पुन्हा हातात घेतले.

तपासणीच्या दिवशी तो दवाखान्याबाहेर बाकावर बसला होता. या सुमाराला हात वर न्यायला मोकळे करतात हे त्याने वाचलं होतं. नोएमी बाहेर आली, ताठ, चेहऱ्यावर समाधान. नवा सदरा तिला छान बसला होता. आज त्याने ते बोलूनही दाखवलं, तिच्या तोंडाकडे बघून.

"छान दिसतेस."

"आता कसं बोललास!"

"हात?"

तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "अजून थोडे दिवस जपा म्हणाल्या."

घरी आल्यावर तो अंगणात स्टूल ठेवायला गेला. कंगवा आत राहिला म्हणून परत वळला, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोएमी दिसली. चवड्यांवर उभी राहून, दोन्ही हात पार वर करून, ती फळीवरचा कॉफीचा डबा उतरवत होती. डबा उतरवून तिने झाकण उघडलं आणि गुणगुणत कॉफी काढली.

तो दोन पावलं मागे सरला. मग मोठ्याने खोकला आणि स्टूल उगाच फरशीवरून घासत नेलं.

ती कॉफी घेऊन बाहेर आली. कंगवा त्याच्या हातात दिला, स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"दुखतंय का अजून?" त्याने विचारलं.

"वर नेले की."

वारा सुटला होता. त्याने सावकाश भांग काढला, तीन पेड केले, शेवटपर्यंत घट्ट, सरळ वेणी घातली. इतकी चांगली त्याला आजवर जमली नव्हती. त्या वेणीकडे तो थोडा वेळ बघत राहिला, मग टोकाची फीत सोडून त्याने सगळी वेणी मोकळी केली.

"काय झालं?"

"नीट नाही आली. पुन्हा घालतो."

"घाल," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.