स्वीडनचा रणगाडा, मुक्काम खालापूर

जगात छोटे रणगाडे बनवणारे लोक दोन जातींचे असतात. एक, जर्मन रणगाडे बनवणारे. दुसरे, जर्मन रणगाडे बनवणाऱ्यांना कंटाळलेले. मी दुसऱ्या जातीतला, म्हणून मी स्वीडनचे बनवतो. या विषयातला माझ्याइतका जाणकार अख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. तसं सांगितल्यामुळे आजवर कुणाचंही माझ्याबद्दलचं मत सुधारलेलं नाही.

दिवसभर मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं तपासतो. संध्याकाळी घरी येऊन मागच्या खोलीत प्लॅस्टिकचेच बारके तुकडे चिमट्यानं उचलून चिकटवतो. "दिवसभरात प्लॅस्टिक पुरत नाही वाटतं," असं माझी बायको चारुलता म्हणते. तिला माझं कौतुक आहे, पण ते ती फार बोलून दाखवत नाही.

वडील म्हणजे अण्णा. निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत असताना 'गाढव' हा शब्द ते सगळ्या वर्गांत समान वाटत असत. निवृत्त झाल्यावर उरलेला साठा माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. घरी पाहुणा आला आणि "अनुपम कुठाय?" असं त्यानं विचारलं, की अण्णा शांतपणे सांगतात, "मागच्या खोलीत खेळतोय." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. माझे केस पिकलेत, मला पित्ताचा त्रास आहे, आणि मी खेळतोय.

हे काही आजचं नाही. लहानपणी एकदा दसऱ्याला मी माझं टिकल्यांचं पिस्तूल पूजेच्या पाटावर नेऊन ठेवलं होतं. अण्णांनी ते दोन बोटांत उचलून माझ्या हातात दिलं. "पाटावर खेळणी नकोत," म्हणाले. बाकी त्या पाटावर असतं काय? विळी, कोयता, अण्णांचं पेन आणि आजोबांचा अडकित्ता. एवढ्या शस्त्रांच्या जोरावर आमच्या घराण्यानं आजवर फक्त सुपाऱ्या जिंकल्यात.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्यात मॉडेलांचं मोठं प्रदर्शन होतं आणि त्यात मी पहिल्यांदाच उतरणार होतो. बक्षीस मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की ते बक्षीस आणून अण्णांच्या खुर्चीसमोर ठेवावं आणि त्यांनी एकदा, फक्त एकदा, मागच्या खोलीत येऊन बघावं. एवढी वर्षं झाली, त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

रणगाडाही मी जगावेगळाच निवडला होता. स्वीडननं साठच्या दशकात एक असा रणगाडा काढला, ज्याला वरचा फिरता बुरूजच नाही. तोफ थेट अंगातच बसवलेली. नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवायची. आत तीन माणसं, त्यातला एक मागे तोंड करून बसतो, आणि वेळ आली तर गाडी उलटी पळवतो, तितक्याच जोरात. एवढं डोकं लढवून तो रणगाडा एकाही लढाईत उतरला नाही, कारण स्वीडननं दोनशे वर्षांत लढाईच केलेली नाही. म्हणजे देश आमच्या घराण्यासारखाच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या सोनाबाईंनी माझा रणगाडा पाहिला तेव्हा केरसुणी थांबवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"दादा, हिचं डोकं कुटं हाय?"

"तिला डोकं नसतंच, सोनाबाई."

"मंग इकडंतिकडं बगायचं कसं?"

"अख्खी वळते."

"म्हंजे आपल्या अण्णांवानी," सोनाबाई म्हणाल्या आणि पुढे झाडायला लागल्या. अण्णांच्या मानेला पट्टा आहे. कुणी हाक मारली की ते मान वळवत नाहीत, पायांपासून अख्खे वळतात. यापेक्षा नेमकं परीक्षण माझ्या कामाचं कुणी केलेलं नाही.

आता चिखलाचं सांगतो. रणगाडा बनवणं सोपं, तो मळवणं अवघड. कोरा करकरीत रणगाडा घेऊन प्रदर्शनात जाणारा माणूस अडाणी समजला जातो. त्याच्यावर धूळ हवी, गंज हवा, चाकांत चिखल हवा. आणि कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरची तांबडी माती स्वीडनच्या रणगाड्याला लावून चालत नाही. स्वीडनच्या फोटोंतला करडा चिखल शोधत मी पाताळगंगेच्या काठानं सगळा पावसाळा हिंडलो. लोकांना वाटलं, मी जमिनीच्या दलालीत शिरलो. अखेर हवा तो रंग सापडला. तो वाळवला, चहाच्या गाळणीनं चाळला (गाळणी चारुलतानं नंतर माझ्या अंगावर फेकली) आणि बारीक कुंचल्यानं जागच्या जागी बसवला. वरून पक्का करणारा स्प्रे तेवढा राहिला होता. दमट हवेत तो मारला तर पांढरा पडतो, म्हणून मी कोरड्या उन्हाची वाट बघत होतो. ऊन पडलं ते नेमकं दसऱ्याला. दुपारी स्प्रे मारायचा, असं मी ठरवलं.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे जे जे चाक लावून फिरतं ते ते धुतलं जातं. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला ट्रक, टेंपो, रिक्षा यांची ही रांग! मीही आमची गाडी घेऊन त्या रांगेत उभा राहिलो. धुऊन, झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन घरी आलो, तर पूजा मांडलेली.

पाटावर विळी होती, कोयता होता, पेन होतं, अडकित्ता होता. आणि मधोमध माझा रणगाडा. कोरा करकरीत. चाकं चकचकीत, धूळ गेलेली, गंज गेलेला, एक अँटेना मोडलेली. पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं आणि तोफेच्या नळीत झेंडूचं फूल.

"कुणी केलं हे?" मी ओरडलो. हातातली फुलं खाली पडली.

"मी नाय," सोनाबाई घाईनं म्हणाल्या. "अण्णांनी सोता धुतली. जुन्या ब्रशानं, शिकेकाई लावून. मी म्हनलं, द्या मी धुते, तर म्हनले, तुला नाय जमायचं, नाजूक हाय."

मी अण्णांकडे वळलो. सगळा पावसाळा शिकेकाईत वाहून गेला होता. "अण्णा, तुम्ही त्या खोलीत गेलात?"

"गेलो." अण्णा पाटाशी बसून वात वळत होते. "काय ती घाण केली होतीस! पूजेला गाडी अशी ठेवतात? चाकांच्या आत चिखल, गाढवा. एकेक चाक धुवावं लागलं."

"पण ते पाटावर..." माझा आवाज चिरकला. "पाटावर खेळणी चालत नाहीत ना?"

अण्णा वळले. मान नाही, अख्खे वळले. माझ्याकडे बघितलं, मग पाटाकडे.

"खेळणं कुठे ठेवलंय?" म्हणाले.

मी खाली बसलो आणि फुलं गोळा करायला लागलो. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून एकेक पाकळी वेचत बसलो. चारुलतानं परडी माझ्यापुढे सरकवली.

रविवारी मी रणगाडा घेऊन पुण्याला गेलो. परीक्षकांनी रणगाड्याभोवती फेरी मारली. जोडणी उत्तम आहे, म्हणाले. पण धूळ नाही, गंज नाही, वापरल्याची एक खूण नाही. मग एकानं भिंग लावून पुढचा पत्रा पाहिला. हा पिवळा आणि तांबडा रंग स्वीडिश सैन्यात कुठल्या वर्षी होता, असं त्यानं मला गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, यंदाच आला. त्यानं खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "निदान हे पुसून घ्या, म्हणजे विचार करता येईल."

"राहू द्या," मी म्हणालो.

पहिला नंबर जर्मन रणगाड्याला मिळाला. चिखलानं इतका बरबटलेला, की खाली रणगाडाच आहे हे परीक्षकांनी विश्वासावर घेतलं असावं.

घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर वाट बघत बसले होते. एरवी ते कधीच कुणाची वाट बघत नाहीत, फक्त ओट्यावर बसलेले असतात.

"नंबर आला?"

"नाही."

"का?"

"फार स्वच्छ आहे म्हणाले."

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. मी खोकं दिलं. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, हळदीकुंकू जागच्या जागी असल्याची खात्री केली आणि झाकण लावलं.

"गाढव आहेत," म्हणाले आणि खोकं घेऊन मागच्या खोलीकडे निघाले.