फ्राड म्हणजे चोरी नव्हे

रुक्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला, ते साल १९५७. दिवाळी झाल्यावर पोराचं बारसं ठरलं. जावई गुरुदास मुंबईहून बोटीने मालवण बंदरावर उतरला आणि तरीतून खाडी ओलांडून तोंडवलीला सासुरवाडीत आला. मुंबईच्या गोदीत तो कामाला होता. पेटी पडून हात दुखावला होता, म्हणून रजा मोठी मिळाली होती. हात गळ्यात बांधलेला, काम काही नाही, आणि तोंडात एक नवा शब्द. फ्राड.

गोदीत म्हणे हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असे. पेटीत वर कापड आणि खाली विटा निघाल्या तर फ्राड. एकाच माणसाने दोन नावांनी हजेरी लावली तर फ्राड. बारशाच्या दिवशी पहिल्या पंगतीला सासूने लाडू वाढला, तर हा म्हणाला, "मामीनू, ह्यो लाडू फ्राड आसा. वर काजू नि आत नुसता बेसन."

हौसाबाई काही कमी नव्हती. "मगे ठेवा तो जावयबापू. फ्राड खाल्ल्यार पोटात दुखात."

पंगत हसली. सासरा धोंडूही हसला.

महिनाभराने हात बरा झाला आणि गुरुदास गेला. शब्द मात्र राहिला. ढग भरून येऊन न पडताच गेले तर फ्राड. कोंबडी नुसतीच कॉक् कॉक् करून घरभर नाचली आणि अंडं दिलं नाही तर फ्राड. फोडल्यावर आत खोबरं नसलेला नारळ फ्राड. दशावतारात राजाची मिशी युद्धात गळून पडली, तेव्हा बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "राजा फ्राड!" आणि राजालाच हसू आवरेना.

इतका हा शब्द कसा रुजला, याला कारण होतं. चोर आणि लबाड हे शब्द त्या गावात कोणी सहसा उच्चारत नसे. कोणी कोणाला चोर म्हटलं, तर म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी रवळनाथाच्या पायरीवर उभं राहून तेच पुन्हा म्हणावं लागे. मग ज्याला म्हटलं तो देवापुढच्या नारळावर हात ठेवून शपथ घेई. देवाला कौल लावत. कौल काय तो मिळाला की विषय संपला, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्यामुळे माणसं आपल्या भाषेतला शब्द घशातच ठेवत. इंग्रजी शब्दाला पायरी नव्हती, नारळ नव्हता. तो कोणालाही फेकून मारता येई, आणि लागला तरी रक्त येत नसे. असं सगळ्यांना वाटत होतं.

धोंडू रापणीतला पाठमोरा होता. म्हणजे असं, की रापण, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, वाळूवर आलं, की मासळीचे वाटे घालत. जितके रापणकार तितके वाटे. वाटे सारखे घालायचे म्हटलं तरी सारखे होत नाहीत. एकात बांगडे मोठे पडतात, एकात तारले जास्त. म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून बसे. दुसरा काठी एकेका वाट्यावर टेकवून विचारी, "हो कोणाचो?" पाठमोरा नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा वाटा. भांडण नाही. कितीतरी वर्षं धोंडू पाठमोरा बसत होता आणि लवू काठी टेकवत होता. धोंडू स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घेई. उरलेला वाटा त्याचा. म्हणून त्याला तिथे बसवला होता.

आता यात एक गोष्ट होती. बाबू म्हणून एक रापणकार होता, तो होडी उलटून गेला. त्याच्या मागे जानकी आणि तिची मुलं. रापणीने बाबूचा वाटा चालू ठेवला होता, तेवढं गावाचं मन मोठं होतं. पण मासळी कमी असली, की वाटा म्हणजे ओंजळभर. त्या दिवसांत लवूची काठी चांगल्याशा वाट्यावर आली, की तो "हो कोणाचो?" असं न विचारता आवाज बदलून "आणि हो?" असं विचारी. धोंडू म्हणे, "जानकीचो."

हे त्या दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. एकदा लवूच्या तोंडून तसं निघालं, धोंडूच्या कानाने ते उचललं, आणि चालू झालं. त्यावर दोघांत एक शब्दही झाला नव्हता. मासळी भरपूर असली तर लवू सगळ्या वाट्यांना एकच प्रश्न विचारी.

पौषात मासळी आटली. एका सकाळी जाळ्यात थोडे बारीक पेडवे, थोडे बांगडे आणि एकच इसवण, म्हणजे सुरमई, आली, हातभर लांब. ती एका वाट्यावर आडवी ठेवली. लवूने काठी टेकवली. "आणि हो?"

"जानकीचो," धोंडू म्हणाला.

रापणकार दाजीच्या वाट्याला तीन खेपा नुसते पेडवे आले होते. घरी पाहुणे होते. तो टोपली आपटून मोठ्याने म्हणाला, "धोंडूभाऊ, तुझी पाठ फ्राड आसा रे!"

सगळे हसले. त्या शब्दाला हसायची सवयच झाली होती. धोंडू हसला, लवू हसला. मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबला, कारण प्रत्येकाला आपण कशाला हसतोय ते कळलं. जानकी इसवणीकडे बघत उभी होती. तिने ती टोपलीत टाकली, वर पेडवे टाकले आणि डोक्यावर घेऊन चालू लागली.

घरी आल्यावर धोंडू जेवला नाही. हौसाबाई म्हणाली, "दाजीचा काय मनार घेतास? तेची जीभ आधी चलता, डोक्या मागसून येता."

"तो माका चोर म्हणालो असतो तर बरा झाला असता."

"शिरा पडो! असा काय बोलतास?"

पण धोंडूला खरंच तसं वाटत होतं. चोर म्हटलं असतं तर पायरी होती. त्याने आयुष्यात एक तारला जास्त घेतला नव्हता. नारळावर हात ठेवायला त्याला भीती नव्हती. हा शब्द मात्र अंगाला चिकटून बसला होता आणि तो धुवायचा कुठे ते माहीत नव्हतं.

लवू संध्याकाळी आला. "गप रव," तो म्हणाला. "चार दिसांनी विसरतत. आणि माझा नाव खंय घेव नको."

धोंडू गप राहिला नाही. तो गंगाराम गावकराकडे गेला. देवळाचा मान त्याच्याकडे. गंगारामाने ऐकून घेतलं.

"दाजी तुका चोर म्हणालो?"

"नाय. फ्राड म्हणालो."

"मगे माका काय सांगतंस? ह्या शब्दाचा गाऱ्हाणा मी देवाक कसा घालू? देवाक तरी कळूक होया मा?"

"त्येचो अर्थ काढूया."

गंगारामाला हे पटलं. आचऱ्याहून साल्वादोर मास्तर रोज सायकलवरून शाळेत येत, त्यांना देवळाच्या आवारात बोलावलं. मास्तर ख्रिस्ती, म्हणून ते आत न जाता बाहेरच्या कट्ट्यावर बसले. दाजीला बोलावलं. लवू बोलावल्याशिवाय आला आणि मागे उभा राहिला. रापणीतले बहुतेक सगळे जमले. असली गंमत रोज मिळत नाही.

"फ्रॉड म्हणजे फसवणूक," मास्तर म्हणाले. ते शाळेतली भाषा बोलत. "पण कुठलीही फसवणूक नव्हे. ज्याच्यावर आपण विश्वास टाकला, त्याने त्या विश्वासाच्या आडून केलेली. कोर्टात तो गुन्हा आहे. माणसालाही फ्रॉड म्हणतात. जो दाखवतो तसा नसतो, तो. आणि इंग्रज लोक थट्टेतही म्हणतात, तुम्ही म्हणता तसंच."

"म्हणजे चोरच मा?" गंगाराम म्हणाला.

"नव्हे. चोर तुमची नजर चुकवतो. याला नजर चुकवावी लागत नाही. तुम्ही आपणहून डोळे मिटलेले असतात."

"हंय तर धोंडूच डोळे मिटून बसता!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

धोंडू हसला नाही. त्याने विचारलं, "मास्तरानू, त्या माणसान आपणाक कायच घेतला नाय, दुसऱ्याक दिला, तर?"

मास्तर सरळ माणूस होते, त्यांना या प्रश्नाच्या मागचं काही माहीत नव्हतं. "फायदा कोणाचाही असो," ते म्हणाले. "विश्वास मोडला की झालं."

मास्तर सायकल घेऊन गेले. धोंडू दाजीपुढे उभा राहिला. "दाजी, माका चोर म्हण."

"तुका चोर कसो म्हणू? तू चोर नाय."

"लबाड म्हण."

"लबाडय नाय तू. मेल्या, मी मस्करेन बोललंय. माझ्या घरात पावणे होते, माझा डोक्या फिरला. तुझ्या पाया पडू काय?"

"पाया पडा नको. आपल्या भाषेत काय ता बोल. मगे मी नारळार हात ठेवतंय."

दाजीने नाही म्हणून मान हलवली. गंगारामाने सगळ्यांकडे पाहिलं. "कोण म्हणता काय धोंडूक चोर? म्हणूचा आसात तर आता म्हणा." कोणी म्हणालं नाही. "झाला तर," गंगाराम म्हणाला. "घराक चला."

सगळ्यांना हायसं वाटलं. विषय तिथेच संपत होता, आणि संपू द्यायला सगळे तयार होते.

दुसऱ्या दिवशी रापण लागली. धोंडू आपल्या जागी समुद्राकडे तोंड करून बसला. लवूने काठी टेकवायला सुरुवात केली. "हो कोणाचो?" "भाईचो." "हो कोणाचो?" "गंगारामाचो." प्रत्येक वेळी एकच प्रश्न, एकाच आवाजात. लवू घाबरला होता. मागे सगळे कान देऊन होते, ते धोंडूला पाठीतून कळत होतं. त्याने "आणि हो" ची वाट पाहिली. ते आलं नाही. नावं संपत आली, तेव्हा त्याला कुठेतरी जानकीचं नाव घ्यावंच लागलं. ते त्याने घेतलं, आणि टोपलीत मासे पडल्याचा जो आवाज झाला तो फार थोड्या माशांचा होता.

धोंडू उठला. वळला. सगळे वाटे उचलून होण्याआधी पाठमोऱ्याने वळायचं नाही, ही रीत. त्याने ती मोडली.

"आयका," तो म्हणाला. "जानकीच्या वाट्याचा मी जाणान बोलतंय. बाबू गेलो तेव्हापासून. लवू आवाज बदलता नि माका कळता. मास्तर सांगतत तोच फ्राड हो. आता तुमका काय करूचा ता करा."

लवू खाली बसला आणि त्याने कपाळाला हात लावला.

कोणी रागावलं नाही. भाई म्हणाला, "ह्या काय नवीन सांगतंस? ता सगळ्यांकाच ठावक आसा." दाजी म्हणाला, "माकाय ठावक होता. म्हणान तर तोंडातसून गेला." कोणी म्हणालं, आता उघड झालंच आहे, तर उघडच करूया. मासळी कमी असेल त्या दिवशी आधी जानकीचा वाटा वेगळा काढायचा, मग बाकीच्यांचे घालायचे. लपवाछपवी नको. हे सगळ्यांना पसंत पडलं. माणसं चांगली होती. दाजीने आपल्या वाट्यातले दोन बांगडे उचलून जानकीच्या टोपलीत टाकले.

जानकीने ते बाहेर काढून वाळूवर ठेवले.

"माकाय ठावक होता," ती म्हणाली. "तुमका काय वाटला, मी खुळी आसंय? पण ता कोण बोलत नव्हतो, म्हणान मी घेय होतंय. नशिबाचो वाटो म्हणान घेय होतंय. भिकेचो घेवचंय नाय."

"गो बाय, भीक कसली?" गंगाराम म्हणाला. "तुझ्या घोवाचो वाटो तो."

"घोवाचो वाटो सगळ्यांसारखो. ह्यो वेगळो काढलेलो माझो नाय."

मग ती धोंडूकडे वळली. "भावजीनू, तुमका गप रवाक काय झाला होता? तुमचा नाव काय एवढा मळला होता?"

तिने ओंजळभर मासे घेतले आणि ती गेली. त्यानंतर ती वाट्याला आली नाही.

रापणीने धोंडूला पुन्हा बसायला सांगितलं. तो बसला नाही. दाजी बसू लागला, आणि खरं सांगायचं तर दाजी चोख बसे. कोणाचा आवाज बदलत नसे. चांगला वाटा ज्याच्या नशिबी, त्याला मिळे.

जानकी नारळाची सोडणं भिजवून काथ्या काढू लागली. सुंभ वळून आचऱ्याच्या बाजाराला नेई. थोरल्या मुलाला तिने शाळेतून काढून मालवणात एका दुकानात ठेवलं. हौसाबाईने एकदा तिच्याकडे टोपलीभर बांगडे पाठवले. टोपली परत आली, त्यात तेवढ्याच किमतीचं सुंभ होतं. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा हौसाबाईने पाठवणं बंद केलं.

फ्राड शब्द गावात चालू राहिला. नारळाला, कोंबडीला, शाळा बुडवणाऱ्या पोरांना तो लावत. रुक्मिणी वर्षाआड माहेरी येई. गुरुदास सोबत आला आणि तो शब्द बोलला, की हौसाबाई त्याला पाणी आणायला विहिरीवर पाठवी. का, ते त्याला कोणी सांगितलं नाही.

धोंडू किनाऱ्यावर येई. रापणीचा दोर ओढायला हात लावी आणि वाटे घालायच्या आधी घरी जाई. त्याचा वाटा लवू पोचता करी. दोघे पडवीवर बसत, पावसाचं बोलत, भाताचं बोलत. एकदाच धोंडू म्हणाला, "त्या दिवशी तू आवाज बदललो असतंस तर मी उठलंय नसतंय." लवू म्हणाला, "आणि तू बसान रवलो असतंस तर मी दुसऱ्या दिवशी बदलतलंय होतंय."

धोंडू १९६३ सालच्या श्रावणात तापाने वारला. त्याच्या दिवसाला जानकी आली होती, जेवून गेली. लवू १९६६ साली गेला. जानकी मालवणात मुलाच्या घरी १९६९ च्या मार्गशीर्षात वारली.