झुकलेले शिक्के

आमच्या नगरपालिकेत एक जुनी रीत आहे. हाताखालच्याने आपला शिक्का डावीकडे किंचित झुकवून मारायचा, म्हणजे तो शेजारच्या साहेबाच्या शिक्क्याला नमस्कार करताना दिसतो. शुद्ध खुळचटपणा! पण हात आपोआप तसाच वळतो.

अर्ज तपासणाऱ्या यंत्राने फक्त सल्ला द्यावा, निर्णय माणसानेच घ्यावा, असा आमच्याकडे कायदा आहे. म्हणून यंत्राचा सल्ला उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांत कमी मानाच्या जागी छापतात.

काल सावामोतो आजींच्या मदतीच्या अर्जावर तिथे 'नामंजूर' छापून आलं. मी नेहमीसारखा शिक्का मारून कागद हिराओका साहेबांपुढे सरकवला. त्यांनीही मारला. तो चक्क उजवीकडे झुकला.

"साहेब, नमस्कार कोणाला करताय?"

"अरे, मी सरळच मारला!" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "तू अर्ज वाचलास ना?"

"मला वाटलं, तुम्ही वाचाल."

साहेबांनी नुसतं माझ्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. मघाशी डावीकडे झुकवून मारलेला, शाईसुद्धा वाळलेला तो शिक्का आता साहेबांकडे पाठ फिरवून, यंत्राच्या शब्दापुढे त्यांच्यापेक्षाही खाली वाकला होता.