बंद डबीतलं नाणं

डबीवर छापलं होतं: प्रूफ, सत्तरपैकी एकोणसत्तर गुण. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं; अमेरिकेत तपासून प्लास्टिकमध्ये कायमचं बंद केलेलं चांदीचं नाणं. पृष्ठभाग आरशासारखा, त्यावरचा मुखडा दुधी. केजमधलं भांड्यांचं गोदाम देऊन रुद्रेशदादानं ते एका एजंटाकडून घेतलं होतं. सोमवारी दुकानही त्या एजंटाच्या नावावर करून अशी पेटीभर नाणी घ्यायची ठरली होती. सत्त्याण्णव साल होतं. पाटोद्याच्या बसवराजमामांनीही मामींच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्यांनाही एक नाणं हवं होतं.

"डबी उघडली की किंमत गेली," दादा सांगायचा.

"गळ्यातलं इष्टलिंग बी आमी रोज पूजेला बाहेर काढताव," आई म्हणाली. "हेच कावून पडद्यात?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. रविवारी सकाळी डबी हातात घेतली तेव्हा नव्या रेनकोटासारखा वास आला. नाण्याच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. चैत्रात तो नव्हता.

मी तांब्याची तार गॅसवर लाल केली, डबीच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली.

"काय केलंस हे, अपे?" दादा दारात उभा होता.

"ह्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. उन्हाळ्यात तो सुटतो आणि धातू खातो. चांदी जपणारा माणूस असली डबी वापरणार नाही, दादा. डबी खोटी, म्हणजे तिच्यावरचे गुणही खोटे."

तो पाटावर बसला. डबीवरून, हिरव्या ठिपक्यापाशी नख फिरवलं.

"सोमवारी जात न्हाई मी," तो म्हणाला.

मी गॅस बंद केला. दुकान वाचलं होतं.

मग त्यानं जळलेला कोपरा धोतराच्या फडक्यानं पुसला. डाग गेला नाही. त्यानं त्यावर अंगठा ठेवला, डबी उजेडात इकडे-तिकडे फिरवली.

"असं धरलं तर दिसत न्हाई," तो म्हणाला. "आई, मामा कवा येणारेत?"

आईचा पिठातला हात थांबला. "रुद्रा, माझा भाऊ हाय तो."

"आन् मी कोण हाय?"

आई परत पीठ मळू लागली.

जीप दाराशी थांबली. मामा टोपी काढत थेट स्वयंपाकघरात आले.

"काय मास्तरीणबाई, तुमच्या घरात अमेरिका आली म्हणं. दावा की आमाला बी."

दादानं जळलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबून डबी पुढे धरली, हातातून सोडली नाही. मामा वाकले. नाण्यात त्यांचा चेहरा दिसला, तसे ते हसले.

"लई झ्याक हाय. मलाच दावतंय." मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हायस, अपेक्षा. घेऊ का?"

दादाचं नख पांढरं पडलं होतं. आई बघत नव्हती.

तार ओट्यावरच होती. मी गॅस पेटवला.

दादानं अंगठा उचलला नाही.