एकसष्टीचा कोट

"अगं, पाय तरी उचल! का तुला क्रेनने चढवायचं?" लुआनबाई डब्याच्या दारातून ओरडल्या.

ओक्सिलने पाय उचलायचा प्रयत्न केला, पण गुडघा वाकेना. वाकणार तरी कसा? त्याच्याभोवती लोकरी पायजमे होते, त्यावर पुरुषी पँट, आणि त्या सगळ्यावर पायघोळ कोरियन झगा. वर ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं. शेवटी खालून हमालाने रेटलं, वरून लुआनबाईंनी ओढलं, आणि बरणीच्या तोंडात बूच बसावं तशी ती डब्याच्या दारात घट्ट बसली. मग मागून आणखी एक धक्का, आणि ओक्सिल आत!

एरवी तिला कुणी ढकलायची वेळ येत नसे. चीनच्या सीमेवरच्या दांदोंगच्या बाजारात ती किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, विकायची, आणि बाजारात म्हणायचे की वारा सुटला की ही बाई कोबीचा गड्डा मांडीवर घेऊन बसते, नाहीतर उडून नदीपार जाईल आणि सीमा ओलांडल्याचा गुन्हा दाखल होईल.

नदीपार म्हणजे चोसन. जग त्याला उत्तर कोरिया म्हणतं. तिकडे नातेवाईक असलेल्यांना परवाना मिळायचा, पण त्या साली गाठोड्यात दुसऱ्याचे कपडे न्यायला बंदी होती. अंगावर असतील ते मात्र ज्याच्या अंगावर त्याचे. म्हणून दांदोंगच्या फलाटावर भर उन्हाळ्यात जाडजूड म्हातारे-म्हाताऱ्या घामाने निथळत उभ्या दिसायच्या, आणि आठवड्याने तीच माणसं काठ्या होऊन उतरायची. जाताना जाड, येताना बारीक!

लुआनबाई चिनी, पण जन्म गेला प्याँगयांगात. बॅटऱ्या, सुया, काचेचे कंदील असला माल घेऊन त्यांच्या खेपा चालायच्या. त्यांनी ओक्सिलच्या खांद्यावर थाप मारली, आणि हात झटकला.

"हे काय गं? खांदे आहेत का खुंट्या? पैलवानासारखी दिसतेस."

"भावाचा कोट आहे आत. परवा एकसष्टी आहे त्याची."

"भावाचा की भावाच्या घोड्याचा?"

ओक्सिल हसली. हसताना सगळे कपडे एकदम हलले.

चुनबो तिचा धाकटा भाऊ. त्याच्या खांद्यांची कीर्ती अशी, की घराच्या दारातून तो खेकड्यासारखा आडवा जायचा, आणि लग्नाच्या वरातीत चुकून सरळ शिरला तेव्हा चौकट गळ्यात घालूनच मांडवात आला. चौकटीचं जाऊ द्या, पण पुढचं खरं. एकोणीसशे एकसष्ट साली नदीच्या अलीकडे, चीनमध्ये, दुष्काळ पडला. माणसं झाडाची साल उकळून प्यायची. पलीकडे मात्र भात होता. चुनबो गोठलेल्या नदीवरून चालत गेला, आणि महिन्याभराने एका रात्री तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन तसाच परत आला. पोतं अक्काच्या दारात टाकलं, पाणी प्यायला आणि पुन्हा गेला, तो तिकडचाच झाला. पुढे ओक्सिल एकदा भेटीला गेली, तेव्हा त्याने तिच्या गाठोड्यात सुके मासे आणि कापडाचे तागे कोंबून पाठवलं. तेव्हा ती जाताना बारीक होती आणि येताना जाड. नदी आपली तीच, भात मात्र काठ बदलतो.

त्या गोष्टीलाही आता वीसएक वर्षं होऊन गेली होती. कोट शिवायला टाकला तेव्हा शिंप्याने विचारलं, "मापं?"

तिने हवेत दोन्ही हात फाकले. "एवढे खांदे."

"माणूस आहे का कपाट?"

"कपाटच धर."

गाडीने पूल ओलांडला आणि पलीकडच्या पहिल्याच स्टेशनात थांबली. तपासनीस डब्यात चढले. ओक्सिलच्या बाकापाशी आला तो पन्नाशीचा, गालफडं बसलेला, गणवेशाची इस्त्री मात्र कडक. त्याने लुआनबाईंच्या बॅटऱ्या उलटसुलट केल्या, मग ओक्सिलकडे वळला. झग्याच्या गळ्यातून काळी कॉलर डोकावत होती.

"हा पुरुषाचा कोट आहे."

"हो साहेब."

"कुणाचा?"

"माझाच. थंडी वाजते मला."

"ऑगस्टात?"

"म्हाताऱ्या हाडांना ऑगस्ट कळत नाही, साहेब." हनुवटीवरून घामाचा थेंब नेमका त्याच्या बुटावर पडला.

"हाडीताप आहे हिला," लुआनबाई म्हणाल्या. "जुना आहे. घामही त्याचाच."

तपासनीस हसला नाही. त्याने बुटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अंगावरचं तुमचं, असा नियम आहे. ठीक. पण तुमचं असेल तर ते तुमच्या अंगावरच परत गेलं पाहिजे. येताना या गाडीवर मीच असेन. आतला कोट मी बघणार, आजी. तो नसला, तर तुम्हाला पुन्हा परवाना नाही, आणि ज्यांच्या घरी उतरलात त्यांच्या दारात चौकशी जाईल."

तो पुढच्या डब्यात गेला. ओक्सिलला आता खरोखरच थंडी वाजायला लागली.

"आता काय करायचं गं?" तिने विचारलं.

"काय करायचं! त्याला घालून दाखव, जेवण जेव आणि परत घालून ये," लुआनबाई म्हणाल्या. "एकसष्टीचा कोट आहे, पाहुणा म्हणून येऊन गेला असं समज."

भावाचं गाव पुढे तीन स्टेशनं. घराच्या दारात एक वाळकुडा म्हातारा उभा होता. ओक्सिलने त्याला मान लववली आणि त्याच्या खांद्यावरून आत पाहायला लागली.

"अक्का, मागे कुणाला शोधतेस?" म्हातारा म्हणाला.

ती बघतच राहिली.

"मीच आहे," चुनबो म्हणाला. "उरलेला."

एकसष्टी मात्र झोकात झाली. मेजावर सफरचंदांची आणि तांदळाच्या वड्यांची हातभर उंच रास रचली होती. वरचा थर खरा, खाली भुशाच्या पिशव्या. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, म्हणून खालच्या थराला कुणी हात लावला नाही. सरकारसाठी गल्लीवर नजर ठेवणाऱ्या प्रमुखबाईही येऊन बसल्या होत्या. त्या सगळीकडेच येऊन बसतात. मुलांनी, सुनांनी वाकून नमस्कार केले, दारूच्या वाट्या भरल्या. चुनबो नव्या कोटात बसला होता. कोट खांद्यांवरून असा ओघळत होता की त्याच्या बायकोने, बुन्यॉने, गोधडीतला कापूस काढून आत भरला. फोटो निघाला तेव्हा तो थेट जुना चुनबो दिसला. फक्त पँट त्याने मागून मुठीत धरली होती, ते फोटोत येणार नव्हतं.

दिवसभर त्याची बोटं बाहीवरून फिरत होती. कुणी बघितलं की थांबायची.

निघायच्या सकाळी ओक्सिलने आल्यावर उतरवून ठेवलेले लोकरी पायजमे, स्वेटर, सगळं बुन्यॉच्या पुढ्यात टाकलं. मग तपासनिसाची गोष्ट सांगितली. चार दिवस ती जिभेवर धरून ठेवली होती.

चुनबोने मुकाट्याने कोट काढला, बाह्या जुळवून घडी घातली आणि तिच्यापुढे ठेवला. "घे, अक्का. एकसष्टी झाली, फोटो निघाला. आणखी काय हवं?"

"मी नाही नेणार."

"परवाना जाईल तुझा."

"जाऊ दे. पण तुझ्या दारात चौकशी येईल, त्याचं काय?"

बुन्यॉ उठली आणि खुंटीवरून नवऱ्याचा जुना कोट काढून घेऊन आली. कोपरांना ठिगळं, एका बटणाच्या जागी लाकडाची चकती.

"वन्सं," ती म्हणाली, "तो साहेब आतला कोट बघणार म्हणाला ना? कुठला, ते कुठे म्हणाला?"

"तो आंधळा नाहीये, बुन्यॉ," ओक्सिल म्हणाली.

"आंधळा नसू दे," चुनबो म्हणाला. इतका वेळ त्याची नजर घडीवर होती. त्याने हळूच ती पुन्हा आपल्याकडे ओढली. "आले चौकशीला तर येऊ देत. नव्या कोटात उत्तर देईन. आणि याच्यात दोन कोट निघतील, अक्का. एक मला, एक हिला. दोघं मिळून उत्तर देऊ."

परतीच्या गाडीत लुआनबाई नव्हत्या, त्यामुळे थाप मारायला कुणी नव्हतं. झग्याच्या आत तो जुना कोट घालून ओक्सिल खिडकीशी बसली होती. सीमेच्या स्टेशनात तपासनीस आला, तोच. त्याने बोट गळ्याकडे दाखवलं. तिने झग्याचा बंद सोडला.

तो बघत राहिला. त्याने ठिगळावरून अंगठा फिरवला, लाकडी चकती चाचपली. मग कोटाची कड उलटून आतली बाजू पाहिली. आत जुन्या शिवणींच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. दर हिवाळ्यात बुन्यॉ कोट थोडा आत घेत गेली होती. ओंडक्यात झाडाची वर्षं दिसावीत तशी ती वर्षं तिथे दिसत होती. त्याचा अंगठा त्या रेघांवरून गेला, आणि परत आला.

"कोट फार लवकर जुना झाला, आजी," तो हलकेच म्हणाला.

"ऊन फार होतं, साहेब."

"काय रे, काय भानगड आहे?" डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून त्याचा वरिष्ठ ओरडला. "कुणाचा कोट आहे तो?"

ओक्सिलने लाकडी चकती मुठीत धरली.

तपासनिसाने कोटाचे दोन्ही खांदे चिमटीत धरले, शिंपी धरतो तसे, आणि ओढून पाहिले. बोटभरसुद्धा कापड सुटं नव्हतं.

"काही नाही, साहेब!" तो मोठ्याने म्हणाला. "आजींचाच आहे. त्यांच्याच मापाने शिवलाय. बघा ना, खांद्याला कसा तंतोतंत बसतोय."

ओक्सिलने मान खाली घालून पाहिलं. खांद्याची शिवण खांद्यावर होती. बाही मनगटाशी संपत होती.

"खरं ना, आजी?" त्याने विचारलं. वरिष्ठ ऐकत होता.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच मापाचा आहे."

त्याने परवान्यावर शिक्का मारला आणि पुढे गेला. गाडी पुलावर आली. डब्यात उकडत होतं, लोकांनी खिडक्या उघडल्या होत्या, वारा घ्यायला माणसं दाराशी गेली होती. ओक्सिल मात्र जागची हलली नाही. तिने कोटाची बटणं लावायला घेतली, खालून वर, एकेक करून, गळ्यापर्यंत.