थोरलीचं प्रकरण

शांभवीनं ओळ खोडली, तिच्या वर दुसरी लिहिली, आणि तीही खोडणार एवढ्यात आतल्या खोलीतून धोंडुबाईचं हसू ऐकू आलं. भांडी घासायला आलेली बाई अर्धा तास झाला तरी मोरीकडे वळली नव्हती.

“मग वो अक्का?”

“मग काय. पावणं दारात आन् बासुंदीचं पातेलं मांजरानं पालथं केल्यालं. आमची आत्ती लई बेरकी. तिनं मांजराला हळदीकुंकू लावलं, पाटावर बसवलं आन् पावण्यांस्नी म्हणली, ‘आज आमच्यात मांजराला जेवू घालायचा वार हाय बगा. त्याचं झालं, आता तुमास्नी भाकरी-झुणका.’”

धोंडुबाई पुन्हा हसली. शांभवीच्या पेनानं समासात लिहिलं : ‘त्याचं झालं, आता तुम्हाला भाकरी-झुणका.’ लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं आणि इतक्या जोरानं खोडलं की कागद फाटला.

धोंडुबाई या घरी नऊ वर्षं येत होती. नऊ वर्षांत शांभवीशी तिचं बोलणं साबण संपला आणि उद्या येणार नाही यापलीकडे गेलं नव्हतं. शांभवीच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, येऊन चार दिवस झाले होते, आणि धोंडुबाईची लेक सासरहून का परत आली, जावई कसा आहे, कुणाची समजूत कुणी घालायला हवी हे सगळं अक्काला ठाऊक झालं होतं. तेही एकदाही तोंड न बघता. कारण अक्का पालथी झोपली होती.

तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस पालथं झोपायचं, जेवणाखाण्यापुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. शिरोळच्या घरात म्हशी, शेतगडी, नातवंडं. तिथं अक्का एक दिवसही पडून राहिली नसती. म्हणून तिचा नवरा महांतेश तिला ऑपरेशननंतर थेट कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या घरी सोडून गेला. कॉटच्या कडेला टॉवेलची गुंडाळी, तिच्यावर अक्काचं कपाळ, तोंड जमिनीकडे. डावा डोळा आधीपासूनच अधू होता, त्याला उजेड आणि आकार एवढंच कळायचं. अशा अवस्थेत तिनं घर ताब्यात घेतलं.

ती सत्त्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी होती. शांभवी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तिच्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या आणि तिसरी, दोन बहिणींची, या सुट्टीत पुरी करायची असं तिनं पुण्याच्या प्रकाशकांना कळवलं होतं. पहाटे पाचला उठायचं, चहा करायचा, जेवणाच्या टेबलावर सातपर्यंत लिहायचं, मग स्वयंपाक, मग दुपारी पुन्हा दोन तास. असं तिनं गेली पंधरा वर्षं लिहिलं होतं, आणि घरातल्या कुणी त्यात कधी व्यत्यय आणला नव्हता. कुणाला तेवढा रसही नव्हता. तिचा नवरा सोमशेखर कागलच्या नव्या एमआयडीसीत नोकरीला होता. तिच्या पहिल्या कादंबरीच्या चाळिसाव्या पानात त्यानं खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट अजून तिथंच होतं.

तोच सोमशेखर आता संध्याकाळी आल्या आल्या खुर्ची उचलून अक्काच्या खोलीत न्यायचा.

“तुझी अक्का बोलायला लागली की पेपरात लक्ष लागत नाही बघ,” तो शांभवीला म्हणाला.

“मीही बोलतेच की.”

“तू लिहितेस ना,” तो म्हणाला. त्याच्या मनात काहीही वाकडं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

माहेरी, कुरुंदवाडलाही असंच होतं. वडिलांच्या, आप्पांच्या, कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की आप्पा हाक मारायचे ती महादेवीला. महादेवी म्हणजे अक्का. ती बाजारातून आली तरी काहीतरी ऐकण्यासारखं घेऊन यायची. तिच्याहून सात वर्षांनी लहान शांभवी तेच बघून आलेली असायची, तिच्या शेजारीच उभी राहून. पण तिनं सांगायला तोंड उघडलं की आप्पा म्हणायचे, “थांब, अक्काला सांगू दे.” गावातली ऐकणारी माणसं अक्कानं आधीच घेऊन टाकली होती. शांभवी कागदाकडे वळली ती त्यामुळं. हे तिनं मुलाखतींमध्ये कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी अक्का म्हणाली, “तंगी, तुझं काय चाललंय ते वाच की मला. दोघी भनींचं हाय म्हणं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सोमशेखरांनी. वाच. दिवसभर फरशी बघून कट्टाळा आलाय.”

लहान बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. शांभवी पंचेचाळिशीची झाली तरी अक्काच्या तोंडून ते जात नव्हतं. तिनं फाईल आणली. सातवं प्रकरण काढून तिनं सगळ्यात तळाशी घातलं आणि पहिल्यापासून वाचायला लागली.

अक्का मधे बोलायची नाही. प्रकरण संपलं की मात्र एखादीच गोष्ट सांगायची.

“थोरली ताक-भात कालवताना रडती म्हणतीस. घरात दहा माणसं जेवायची, तवा कसली रडती ती? ताटं उचलून झाली, हात धुवायला परड्यात गेली, की रडंल.”

संध्याकाळी तिनं तो परिच्छेद बदलला. थोरली घरामागच्या परड्यात गेली, हात धुतले, आणि प्रकरण एकदम उभं राहिलं. तीन महिने तिथं काय अडलंय ते तिला कळत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. तिनं भाजीला फोडणी दिली ती करपली, आणि जेवताना अक्का म्हणाली, “करपल्याली बी चांगली लागती की.” त्यावर सोमशेखरनं दुसऱ्यांदा भाजी घेतली.

सातवी फायनल झालेली बाई. ‘प्रकरण’ हा शब्दही तिनं पुस्तकाच्या अर्थानं कधी वापरला नसेल. आणि तिला कुठं बोट ठेवायचं ते दिसत होतं, एक डोळा बांधलेला आणि दुसरा अधू असताना.

आठव्या दिवशी सहावं प्रकरण संपलं. शांभवीनं तळाचे कागद तसेच ठेवून आठवं उचललं आणि वाचायला सुरुवात केली.

“मधलं ऱ्हायलं,” अक्का म्हणाली.

“काय?”

“धाकटीला कॉलेजात बोलवत्यात का न्हाय, ह्याची वाट बघत हुती. आता एकदम लगीन झाल्यालं हाय. मधलं वाच.”

“ते कच्चं आहे अजून.”

“असू दे. मी कुठं छापायला निघालीय?”

शांभवीनं खालचे कागद काढले. कॉटवर अक्काची पाठ, पांढरा होत आलेला अंबाडा, मानेवरचा घाम. तोंड दिसत नव्हतं, हेच बरं असं तिला वाटलं.

सातव्या प्रकरणात धाकटीचं कार्ड येतं. कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजचं, मुलाखतीला बोलावल्याचं. घरात धाकटी नसते. पोस्टमन ते थोरलीच्या हातात देतो. थोरली देखणी, सगळ्यांची लाडकी, पण शिक्षणात मागं राहिलेली. ती कार्ड वाचते, चुलीसमोर बसते, ते जाळात धरते आणि ज्वाळ बोटांना लागेपर्यंत एक कोपरा सोडत नाही. शांभवीनं हे चार पानं लिहिलं होतं. वाचताना तिचा आवाज शाळेत कविता शिकवताना व्हायचा तसा झाला. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा बाहेर रिक्षा थांबल्याचा आणि पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येऊन गेला.

शांभवीनं कागद मांडीवर ठेवले.

“झोपलीस?”

“न्हाय. हे बरोबर न्हाय झालं, तंगी.”

“का?”

“थोरलीला सगळी मान द्येत्यात, लाड करत्यात. तिनं कशाला जाळावं? जिला कुणी इचारत न्हाय, तीच असं करंल. कार्ड थोरलीचं हुतं म्हण. धाकटीनं लपवलं म्हण. मग पटंल.”

शांभवीच्या मांडीवरचे कागद घसरले. तिनं ते गोळा केले नाहीत.

“आन् चुलीत न्हाय,” अक्का म्हणाली. “चुलीपाशी अव्वा असती. हिरीत टाकलं म्हण.”

कुरुंदवाडच्या घरात आई, अव्वा, दिवसभर चुलीपाशी असायची आणि घरामागं विहीर होती. एकसष्ट सालच्या जून महिन्यात नऊ वर्षांच्या शांभवीनं अक्काला आलेलं मुलाखतीचं कार्ड तिथंच टाकलं होतं. आप्पांनी दुकानात येईल त्याला सांगून ठेवलं होतं, आमची महादेवी मास्तरीण होणार. त्याच आठवड्यात शांभवी वर्गात पहिली आली होती आणि आप्पांनी निकालाचा कागद न उघडता फडताळावर ठेवला होता. कार्ड आलं तेव्हा दारात ती एकटीच होती. पुढं आप्पा वाट बघून कंटाळले, पुढच्या वैशाखात अक्काचं लग्न झालं, आणि मास्तरणीचं राहिलेलं स्वप्न आप्पांनी धाकटीकडून पुरं करून घेतलं. शाळा, कॉलेज, कोल्हापूर, नोकरी, पुस्तकं. शांभवीचं सगळं त्या विहिरीच्या काठावरून सुरू झालं होतं. छत्तीस वर्षं हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं ती धरून चालली होती.

“तुला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“मी गोष्टीतलं बोलत्येय.”

“अक्का.”

अक्कानं हात हलवून टॉवेलची गुंडाळी नीट केली. “दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पाणी शेंदाय गेली. बादलीत कार्ड आलं. शाई पसरल्याली, पर तारीख दिसत हुती. आठ दिवस हुतं अजून.”

“आठ दिवस?”

“व्हय.”

“मग ती गेली का नाही?”

हा प्रश्न विचारताना शांभवी पुढं वाकली होती. आपण कादंबरीसाठी विचारतोय की स्वतःसाठी, हे त्या क्षणी तिला सांगता आलं नसतं.

“भ्याली,” अक्का म्हणाली. “घरात, गल्लीत तिचं समदं ऐकत्यात. कोल्हापुरात वसतिगृहात शंभर पोरी. तिथं कोण ऐकणार तिचं? आप्पांनी गावभर सांगून ठेवल्यालं, न्हाय म्हणायची सोय न्हाय. रोज देवाला म्हणायची, ते कार्ड येऊ नगं. आन् बादलीत कार्ड आलं. तिला इतकं बरं वाटलं, तंगी. तिनं ते चोळामोळा करून परड्यात पुरलं.”

“आणि बोलली नाही कुणाला.”

“कशाला बोलंल? धाकटी घाबरून गेल्याली. सांगंल ते ऐकायची. पाय चेपायची, सपाटून काम करायची. लगनात हमसून हमसून रडली, तर समदी म्हणली, भनीवर किती जीव. थोरलीला आवडत हुतं ते. तिचंबी काय चांगलं न्हवतं.”

शांभवी खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. छत्तीस वर्षं ती शिरोळला जाताना दर खेपेला साडी घेऊन जायची, अक्काच्या लेकींच्या लग्नात राबायची, तिच्या चुलीकडे, तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून परत यायची आणि लिहायला बसायची. आपल्या हातून एक मोठं पाप घडलंय, त्यावर आपलं सगळं उभं आहे, असं तिला वाटत आलं होतं. तिच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यात अक्काचा हात नव्हता. आता तीही अक्काचीच निघाली होती.

ती खाली फरशीवर बसली. मग आडवी झाली, उताणी, आणि सरकत कॉटच्या कडेखाली गेली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला अक्काचं तोंड नीट दिसलं. रक्त उतरून गाल सुजले होते, ओठ लोंबत होते. उजव्या डोळ्यावर पट्टी. डावा उघडा होता आणि त्यातून पाणी गळत होतं. पण पालथं झोपून झोपून त्या डोळ्यातून रोजच पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं तसं.

“कोण हाय?” अक्कानं विचारलं. तिला खाली एक आकार तेवढा कळला असावा.

“मीच.”

“खाली काय करतीस? गार हाय फरशी.”

“अक्का, हे खरं आहे, की आत्ता माझ्यासाठी रचलंस?”

अक्काच्या तोंडावर काही हललं. हसू होतं की सुजलेला गाल आखडला होता, ते उलट्या बाजूनं बघताना कळणं अवघड होतं.

“तुला कंचं चांगलं वाटलं?” ती म्हणाली. “तुझं का माझं?”

अक्काचंच चांगलं होतं. ‘बादलीत कार्ड आलं’ हे ऐकलं तेव्हाच तिला ते कळलं होतं, लाज वाटायच्याही आधी.

तिनं हात लांब करून पसरलेल्या कागदांतला एक ओढला, उलटा केला आणि पेन शोधायला लागली.

“सावकाश सांग,” ती म्हणाली. “बादलीपासून.”